गाण्याचा सातबारा: ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ नेमकं कोणाचं?

अटलांटिक कंपनीची १९६६ सालची एक छोटी तबकडी आहे, क्रमांक २३२६. लाल-काळं लेबल. त्यावर गाण्याचं नाव, गायक पर्सी स्लेज, निर्माते क्विन आयव्ही आणि मार्लिन ग्रीन, प्रकाशक प्रोन्टो-क्विन्व्ही. आणि बारीक टायपात, गाणं ज्यांनी रचलं त्यांची नावं: सी. लुईस, ए. राइट. हे सगळं प्रकरण त्या बारीक टायपाचं आहे.

लुईस आणि राइट यांनी गाणं रचलं, असं कागद म्हणतो. स्लेज मात्र आयुष्यभर मुलाखतींमधून सांगत राहिला की गाणं माझंच, नावं मी त्यांची देऊन टाकली. आणखी गंमत अशी की कॅल्विन लुईस बेस गिटार वाजवायचा, अँड्र्यू राइट ऑर्गन वाजवायचा, आणि या तबकडीवर बेस लुईसचा नाही, ऑर्गन राइटचा नाही. ज्यांची नावं आहेत ते वाजवत नाहीत, जे वाजवतात त्यांची नावं नाहीत, आणि ज्याचा आवाज ऐकून माणसं साठ वर्षं डोळे पुसतायत त्याने स्वतःचं नाव घातलंच नाही. कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असं एखादं वावर आपल्याकडे गावोगाव सापडतं. गाण्यांच्या दुनियेतलं ते वावर म्हणजे हे गाणं.

चार गावं आणि एक वॉर्डबॉय

अलाबामा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या काठाने चार गावं एकमेकांना खेटून आहेत: फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स. टस्कंबिया म्हणजे हेलन केलरचं जन्मगाव. फ्लॉरेन्समध्ये एल्व्हिस प्रेस्लीला पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणारे सॅम फिलिप्स जन्मले. बाकी कापसाची शेतं, नदीवरचं धरण आणि छोटे कारखाने. अशा ठिकाणी रिक हॉल नावाच्या हट्टी माणसाने फेम नावाचा स्टुडिओ काढला आणि तिथून अधूनमधून गाजणारी गाणी बाहेर पडू लागली.

काळ कुठला, तेही पाहून घेऊ. १९६५ च्या मार्चमध्ये याच राज्यात सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी झोडपलं होतं. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस वंशभेदाचा उघड पुरस्कर्ता. त्याच राज्यात, तीन-चार तासांच्या अंतरावर, गोऱ्या वादकांची एक टोळी कृष्णवर्णीय गायकांसाठी वाजवत होती. या गोष्टीचं लोक फार गोडगोड वर्णन करतात आणि मला ते पुरतं पटत नाही. खोलीत सगळे सारखे असतील, पण खोलीची किल्ली कोणाकडे होती हेही बघायला हवं.

पर्सी टायरोन स्लेजचा जन्म १९४० चा, जवळच्याच लेटन गावातला. लहानपणी कापसाच्या शेतात काम, मोठेपणी शेफिल्डच्या कोल्बर्ट काउंटी हॉस्पिटलात वॉर्डबॉयची नोकरी. आठवडाभर रुग्णांची उसाभर आणि शनिवार-रविवारी ‘एस्क्वायर्स कॉम्बो’ नावाच्या बँडबरोबर कॉलेजातल्या पार्ट्यांमध्ये गाणं. लुईस आणि राइट याच बँडमधले.

क्विन आयव्ही हा शेफिल्डचा रेडिओवरचा निवेदक. गावात ‘ट्यून टाउन’ नावाचं त्याचं तबकड्यांचं दुकान होतं. हॉलच्या स्टुडिओत जागा मिळेना अशांसाठी त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ काढला आणि उत्तर अलाबामाच्या इंग्रजी नावाची (नॉर्थ अलाबामा) सुरुवातीची अक्षरं जोडून त्याला ‘नोराला’ म्हणू लागला. हॉस्पिटलात राहून गेलेल्या एका ओळखीच्या रुग्णाने स्लेजची आणि त्याची गाठ घालून दिली, असं सांगतात. वॉर्डात गुणगुणणाऱ्या वॉर्डबॉयची कीर्ती पेशंटच्या तोंडून स्टुडिओत पोहोचावी, हे मला फार आवडतं.

एकाच माणसाच्या तीन कहाण्या

गाणं कसं सुचलं, हे स्लेजने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे.

पहिली कहाणी अशी. १९६५ संपत आलं होतं, बांधकामावरची नोकरी गेली, आणि प्रेयसी मॉडेलिंग करायला म्हणून सोडून गेली. त्या दुःखात गाणं आलं. लुईस आणि राइट यांनी ते उभं करायला मदत केली म्हणून त्याने सगळं श्रेय त्यांना देऊन टाकलं.

दुसरी कहाणी त्याहून जुनी. ही चाल लहानपणापासून त्याच्यापाशी होती. शेतात काम करताना तो ती मोठ्याने गायचा, रानात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी परत येताना ऐकत राहायचा.

तिसरी कहाणी शब्दांची. बँडबरोबर तो हे गाणं गायचा तेव्हा त्याचे शब्द ‘तू मला का सोडून गेलीस’ अशा अर्थाचे होते. आयव्हीला चाल पसंत पडली, शब्द पटले नाहीत, ते बदलायला लावले आणि मग आजचं शीर्षक आलं.

आता कोणी म्हणेल, माणूस दर वेळी वेगळं सांगतो, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. मला तसं वाटत नाही. ज्याने कधी चाल लावली आहे त्याला ठाऊक असतं की चाल एका दिवशी जन्मत नाही. एखादी ओळ वर्षानुवर्षं तोंडात असते, तिला कधीतरी कारण मिळतं, मग शब्द मिळतात, मग कोणीतरी ते शब्द बदलतं. शेतातला आवाज, प्रेयसीचं जाणं आणि आयव्हीची दुरुस्ती या एकाच वाटेवरच्या तीन पायऱ्या असू शकतात. वॉर्डबॉय असताना मध्येच बांधकामावरची नोकरी कुठून आली, हा प्रश्न उरतो. पण माणसं हंगामी कामं करतात, आणि पन्नास वर्षं तीच मुलाखत दिली की आठवणींचे कोपरे झिजतात.

शब्दबदलाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. ‘तू मला का सोडलंस’ ही एका माणसाची तक्रार आहे. ‘पुरुष जेव्हा एखाद्या स्त्रीवर प्रेम करतो’ हे सगळ्यांबद्दलचं विधान झालं. ‘मी’ गेला आणि ‘तो’ आला. मग तो काय काय करतो याची यादी येते: पैसे उधळतो, मित्राला तोडतो, तिचे दोष बघत नाही. म्हणीसारखं चालतं ते. शेवटाकडे मात्र गायक स्वतःलाच त्यात ओढतो आणि तिऱ्हाईतपणा गळून पडतो. गाण्याला वेगळं धृवपदही नाही. शीर्षकाची ओळ प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी येते आणि तीच धृवपदाचं काम करते. ज्याने कोणी ‘का सोडलंस’ खोडायला लावलं, त्याने गाण्यावर मोठे उपकार केले. आणि तरी आयव्ही किंवा ग्रीन यांची नावं रचनाकारांच्या ओळीत नाहीत. त्या काळी निर्माते आणि निवेदक दुसऱ्याच्या गाण्यावर सर्रास आपलं नाव चिकटवून घेत, हे लक्षात घेता ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. अर्थात प्रकाशकाच्या नावातलं ‘क्विन्व्ही’ हे क्विन आयव्हीचंच, तेव्हा तो अगदीच उपाशी राहिला असं नाही.

काळी एक

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. आमच्याकडे या ठेक्याला ‘स्लो रॉक’ म्हणतात. सहा मात्रांचा, दादऱ्याच्या नात्यातला, पण पाय ओढत चालणारा. वादकाला ‘काळी एक, स्लो रॉक’ एवढं सांगितलं की तो सावरून बसतो. हे गाणं नेमकं तिथलं आहे: काळी एकमध्ये, स्लो रॉकमध्ये.

पेटी जवळ असेल तर काळी एकचा सा धरा आणि डाव्या हाताने एकेक पायरी उतरत या: सा, नि, ध, प, म. मग पुन्हा प, आणि सा वर घरी. बेस हेच करतो, कडव्यामागून कडवं. वर गायक चढत असतो आणि खाली जमीन उतरत असते. छातीत जे कालवतं ते या दोन विरुद्ध हालचालींमुळे. आवाज गॉस्पेलचा, चर्चमधला, आणि खाली बेस जिना उतरतोय. उतरत्या बेसची ही युक्ती पाश्चात्त्य संगीतात शेकडो वर्षं जुनी आहे, तिच्यावर कोणाची मालकी नाही. पण ती या चालीखाली ठेवायची हे कोणाला तरी सुचावं लागलं.

आणि इथे मला स्लेजच्या कहाणीत एक फट दिसते. त्याने ज्यांना श्रेय ‘देऊन टाकलं’ त्यांतला एक बेस वाजवणारा होता आणि दुसरा ऑर्गन वाजवणारा. गाणं ज्या दोन खांबांवर उभं आहे ते म्हणजे उतरता बेस आणि ऑर्गनचे लांब सूर. शेतात गाणाऱ्या पोराकडे चाल होती, ती बिनसाथीची. तिच्याखाली सा-नि-ध-प-म ठेवण्याचं काम बँडच्या तालमीत झालं असणार, आणि ते काम लुईस-राइट यांच्याशिवाय कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण ऑर्केस्ट्रातल्या कोणाही माणसाला विचारा: गायक चाल गुणगुणत येतो, ‘अरे जरा कॉर्ड लाव रे याला’ म्हणतो, आणि अर्ध्या तासाने ते वेगळंच गाणं झालेलं असतं. तेव्हा कागदावरची ती दोन नावं निव्वळ दानधर्मातून आली असं म्हणणं त्या दोघांवर अन्याय करणारं आहे. तिसरं नाव तिथे नाही, अन्याय तो. आधीची दोन आहेत यात काही चूक नाही.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण १९६६ च्या सुरुवातीला झालं. ऑर्गन स्पूनर ओल्डहॅमने वाजवला, फार्फिसा बनावटीचा, पातळ आणि थोडा नाकात बोलणारा. हॅमंड ऑर्गनची श्रीमंती त्याच्यात नाही, आणि बरंच झालं. बेसवर ज्युनिअर लो, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर मार्लिन ग्रीन. ध्वनिमुद्रक जिमी जॉन्सन. ओल्डहॅम आणि हॉकिन्स तर विशी-बाविशीतली पोरं. स्लेज पंचवीस वर्षांचा, पहिल्यांदाच स्टुडिओत उभा आणि भीतीने थरथरत होता, असं त्यानेच नंतर सांगितलं. रेकॉर्ड ऐकताना ती थरथर शोधून सापडते. पहिला शब्द तो जसा उचलतो, त्यात गवयाची तयारी कमी आणि जिवाची घालमेल जास्त आहे.

सुरुवातीचा ऑर्गनचा पीस तर गाण्याची ओळखच आहे. दोन सूर वाजले की लोक ओळखतात. पण आपल्याकडे जसं संगीत संयोजकाला ठरलेली बिदागी मिळते आणि हक्क मिळत नाही, तसंच तिथेही. पीस वाजवणारा ‘रचनाकार’ धरला जात नाही.

चुकीची टेप

टेप तयार झाल्यावर आयव्हीने ती रिक हॉलला ऐकवली. हॉलने न्यूयॉर्कला अटलांटिकच्या जेरी वेक्सलरला फोन लावला. वेक्सलरने गाणं घेतलं, पण त्याच्या कानाला एक गोष्ट खटकली: शेवटाकडे येणारं ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची साथ, सुरात नाही. ते पुन्हा करून पाठवा, असा निरोप आला.

आयव्हीच्या लोकांनी दुसरे वादक बोलावून ब्रास नव्याने भरलं आणि टेप पाठवली. पुढे मसल शोल्सचा नामांकित बेसवादक झालेला डेव्हिड हूड सांगतो की अटलांटिककडे टेपांची अदलाबदल झाली आणि बाजारात गेली ती जुनीच. बेसूर ब्रासवाली.

आज रेकॉर्ड लावा आणि शेवटचा भाग लक्ष देऊन ऐका. गायक टिपेला पोहोचलेला असतो, मागून ट्रम्पेट-सॅक्सोफोन शिरतात आणि ते खरंच लागलेले नाहीत. सूर कुठेतरी चढा-उतरलेला आहे, लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखा. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वाटलं आपली कॅसेट खराब आहे. मग सीडीवर तेच. आता तर मला ते दुरुस्त झालेलं चालणार नाही. गायक स्वतः तुटत चाललेला असताना मागचं ब्रास इस्त्री करून आलं असतं तर विचित्र दिसलं असतं. तरी ‘चूक हेच सौंदर्य’ वगैरे बोलणं मला नको वाटतं. ती टेप योग्य पाकिटात गेली असती तरी गाणं चाललंच असतं, असं माझं मत आहे.

२८ मे १९६६ रोजी बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि दोन आठवडे राहिलं. मसल शोल्सच्या परिसरात मुद्रित झालेलं पहिलं अव्वल गाणं हेच. दहा लाख प्रतींच्या विक्रीची सुवर्ण तबकडीही मिळाली. गावाचं नशीब पालटलं: अटलांटिकने गायक विल्सन पिकेटला तिथे पाठवलं, १९६७ च्या जानेवारीत अरीथा फ्रँकलिन आली, आणि १९६९ मध्ये हॉकिन्स, हूड, जॉन्सन आणि बॅरी बेकेट यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. त्या वर्षअखेरीला तिथे रोलिंग स्टोन्स येऊन गेले. ही वाट मोकळी केली ती वॉर्डबॉयच्या एका गाण्याने.

पैसा कुठल्या पाटाने वाहिला

आता खरा मुद्दा. नाव नसल्याने स्लेजचं नेमकं काय गेलं?

गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी ध्वनिमुद्रिका. रचनेचा पैसा रचनाकार आणि प्रकाशक यांच्याकडे जातो. ध्वनिमुद्रिकेचा कंपनीकडे, आणि तिथून करारात असेल तेवढा गायकाकडे, तोही खर्च वजा जाता.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने रचनेचा दर ठरला होता: तबकडीमागे दोन सेंट. १९७८ उजाडेपर्यंत तो दोन सेंटच होता. दहा लाख प्रतींचे झाले वीस हजार डॉलर. रूढ वाटणीप्रमाणे निम्मे प्रकाशकाचे, उरलेले दहा हजार दोन रचनाकारांचे, म्हणजे प्रत्येकी पाच हजार. हा फक्त दराचा हिशेब आहे, कोणाच्या खात्यातला आकडा नव्हे. आणि पाच हजारांसाठी कोणी आयुष्यभर हळहळत नाही.

हळहळ आहे ती पुढच्या पैशाची. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला एक दमडी नाही. ही व्यवस्था साध्या रेडिओपुरती आजही तशीच आहे. म्हणजे शेफिल्डपासून सिएटलपर्यंत हजारो स्टेशनांवर दिवसरात्र पर्सी स्लेजचा आवाज वाजत होता आणि प्रत्येक वाजण्याचा चेक दुसऱ्यांच्या नावाने निघत होता. डिजिटल रेडिओसाठी पुढे गायकांना हक्क मिळाला, पण १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिका त्या केंद्रीय कायद्याबाहेर राहिल्या. ती उणीव भरून निघाली २०१८ मध्ये. स्लेज १४ एप्रिल २०१५ रोजी गेला.

मग दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्या. १९८० मध्ये बेट मिडलरने गायलेलं हेच गाणं अमेरिकेतल्या पहिल्या चाळिसांत आलं. १९८७ मध्ये लीव्हायस जीन्सच्या जाहिरातीमुळे स्लेजची मूळ रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पुन्हा निघाली आणि दुसऱ्या क्रमांकावर गेली. पहिल्यावर कोण, तर त्याच कंपनीच्या जाहिरातीतलं बेन ई. किंगचं गाणं. इथे ध्वनिमुद्रिका स्लेजचीच असल्याने त्याच्या कराराप्रमाणे काही त्याच्या वाट्याला आलं असणार. पण १९९१ मध्ये मायकल बोल्टनने हे गाणं गायलं, पुन्हा पहिला क्रमांक, वर ग्रॅमी, आणि ते ज्या अल्बमवर होतं त्याच्या एकट्या अमेरिकेत ऐंशी लाख प्रती गेल्या. तेव्हाचा दर प्रतीमागे ५.७ सेंट होता. तो दर सगळ्या प्रतींना लावला तर एका गाण्यापोटी साडेचार लाख डॉलरच्या वर रक्कम होते, रेडिओचे पैसे वेगळे. त्यातलं स्लेजचं काहीच नाही, कारण आवाज बोल्टनचा आणि रचना लुईस-राइटची.

त्याच अल्बममुळे बोल्टन दुसऱ्या एका प्रकरणात अडकला. त्यातलं एक गाणं आयस्ली ब्रदर्सच्या जुन्या गाण्यावरून घेतल्याचा ठपका ज्यूरीने १९९४ मध्ये ठेवला आणि ५४ लाख डॉलरचा दंड बसला. २००० मध्ये अपिलातही तो कायम राहिला. एकाच अल्बमवर दोन उसनी गाणी. ज्यांचे हक्क रीतसर नोंदवलेले होते त्यांनी भांडून पैसे वसूल केले, ज्याने नावच दिलं नव्हतं त्याला भांडायला जागाच नव्हती.

श्रेय देऊन टाकणं हा आपल्या आयुष्यातला सगळ्यात वाईट निर्णय, असं स्लेज म्हणायचा. आणि लगेच असंही म्हणायचा की देवानेच माझ्या तोंडून ते वदवलं असेल तर तसंच व्हायचं होतं. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. दोन्ही वाक्यं त्याला मनापासून वाटत असावीत.

कोर्टात गेला असता तर?

फार उपयोग झाला नसता. अमेरिकेत ‘मीही सहरचनाकार आहे’ असा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि तुमचं नाव उघडपणे नाकारलं गेलं की घड्याळ सुरू होतं. लेबलावर पहिल्याच दिवशी दोन नावं होती. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ या १९५६ च्या गाण्याचं उदाहरण घ्या. गायकवृंदातले दोघे १९८७ मध्ये कोर्टात गेले. हे खरोखर सहरचनाकार आहेत, असं ज्यूरीने मान्यही केलं. १९९६ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला: खरे असाल, पण उशीर झाला.

अटलांटिक महासागराच्या पलीकडे मात्र वेगळंच घडलं. १९६७ मध्ये लंडनच्या प्रोकोल हारम या बँडचं ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ आलं. धिमी चाल, ऑर्गन आणि खाली उतरत जाणारा बेस: सा, नि, ध, प, म, ग, रे. जुना जर्मन संगीतकार बाख याच्याबरोबरच स्लेजच्या गाण्याची छाया त्यावर आहे, असं नेहमी म्हटलं जातं आणि दोन्ही लागोपाठ ऐकली की पटतं. त्या गाण्यावर नावं दोघांचीच होती, गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड. ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, कोर्टात गेला. ऑर्गनचा तो पीस माझा आहे आणि तो रचनेचाच भाग आहे, असं त्याचं म्हणणं. २००६ मध्ये त्याला चाल-संगीतातला ४० टक्के वाटा मिळाला, अपिलात पैशाचा हक्क गेला, आणि २००९ च्या जुलैमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च अपील कोर्ट) तो एकमताने परत दिला. अशा दाव्याला तिथे मुदतीचं बंधन नाही, असं ठरलं.

हाच न्याय शेफिल्डला लावला तर पहिला दावेदार स्लेजच्या आधी स्पूनर ओल्डहॅमच निघेल!

ही गाणी निघाली त्याच सुमारास, १९६० च्या दशकात, आपल्याकडे गायकांच्या रॉयल्टीवरून खडाजंगी चालू होती. गायकालाही वाटा हवा, असं लताबाईंचं म्हणणं होतं. एकदा मोबदला मिळाला की विषय संपला, असं रफीसाहेबांचं. त्यापायी दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने भारतात गायकाला रॉयल्टीचा हक्क आला, आणि गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा हक्क कराराने सोडून देता येणार नाही अशी तरतूदही झाली. पुढच्याच वर्षी गायकांची संस्था उभी राहिली. स्लेजला अशा कायद्याने गायक म्हणून काहीतरी मिळालं असतं. रचनाकार म्हणून तरीही नाही. हक्क सोडता येणार नाही असं कायदा म्हणू शकतो, पण पहिल्याच कागदावर नाव लिहिलं नाही तर कायद्याला तो माणूस दिसणार कसा?

सातबाऱ्यात निदान पिकांच्या भागात कसणाऱ्याची नोंद होऊ शकते. गाण्याच्या नोंदवहीत तो रकानाही नाही.

२००५ मध्ये स्लेजला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. शेवटची काही वर्षं सोडली तर तो कार्यक्रम करत राहिला आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी लोकांना हेच गाणं हवं असायचं. त्या रात्रीची बिदागी तेवढी त्याची. अमेरिकी कायद्याप्रमाणे या रचनेवरचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०६१ संपेपर्यंत चालेल. तोवर ते कोणीही गायलं, कुठल्याही जाहिरातीत वाजलं, तरी पैसा लेबलावरच्या त्या बारीक टायपाकडेच जाईल: सी. लुईस, ए. राइट.